काळ्या मातीवरचे अंगण

माजलगाव हे सिंदफणेच्या काठचे, बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मराठवाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जातात. गाव वसते ती पांढरी आणि पीक येते ती काळी. पांढर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीने उंचावलेली जमीन. चुलीतली राख, पडलेल्या भिंतींची माती आणि केरकचरा तिच्यात मुरलेला असतो. ती ओली झाली तरी फारशी फुगत नाही आणि वाळली तरी फारशी भेगाळत नाही. काळीचा स्वभाव नेमका उलटा आहे. पावसाळ्यात ती फुगून वर येते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला अशा भेगा पडतात की त्यांत हात सहज आत जातो. जुनी घरे पांढरीवर होती, म्हणून अंगणेही पांढरीवर होती. या परिसरातील अंगणाला पुढे जे रूप येत गेले, त्याचा बराचसा उलगडा या दोन मातींच्या फरकातून होतो.

मातीचे अंगण करणे हे एका दिवसाचे काम नव्हते. आधी जमीन खणून दगडगोटे वेचायचे, ढेकळे फोडायची, वर मुरूम आणि पांढरी माती पसरायची. पाणी शिंपून ती रात्रभर मुरू द्यायची आणि दुसऱ्या दिवशी धुम्मसाने ठोकायची. कडेला, भिंतीलगत, जिथे धुम्मस पोचत नाही तिथे लाकडी चोपण्याने चोपायचे. पाणी दारापासून रस्त्याकडे वाहील असा उतार याच वेळी द्यावा लागे. मग शेणकाल्याचे पहिले सारवण. सारवणारी बाई भिंतीपासून सुरुवात करून मागे सरकत येई आणि उजव्या हाताचा पंजा अर्धगोल फिरवी. एका फेरीची कड दुसऱ्या फेरीखाली दबत जाई. वाळल्यावर अंगणभर पंज्यांच्या कमानींची ओळीने नक्षी दिसे. ती मुद्दाम काढलेली नसे, पण सारवण नीट झाले की नाही हे शेजारणी तिच्यावरूनच ओळखत. शेणातील न पचलेले तंतू मातीला धरून ठेवतात, त्यामुळे धूळ उडत नाही आणि बारीक भेगा बुजतात. हा थर मात्र फार टिकत नाही. म्हणून रोज सकाळी सडा, आठ-पंधरा दिवसांनी किंवा सणावाराला सारवण आणि पावसाळ्यानंतर दसरा-दिवाळीच्या आधी मोठी डागडुजी असा क्रम असे.

अंगणाची शोभा याच रोजच्या कामातून येत होती. सडा वाळण्याआधी, जमीन ओलसर असतानाच रांगोळी काढली जाई, कारण ओल्या सारवणावर पूड धरते. रांगोळीची परंपरा या प्रदेशात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात धूलिचित्राचा उल्लेख येतो, आणि आजचा बीड जिल्हा तेव्हा चालुक्यांच्या प्रभावक्षेत्रात होता. पांढऱ्या रंगासाठी शिरगोळ्याच्या मऊ दगडाची पूड वापरत. जिथे भात पिकतो तिथे तुसांची राखही चाले. ठिपक्यांसाठी जाड कागदाला पेटत्या उदबत्तीने समान अंतरावर भोके पाडून ठेवत. कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरवली की सगळे ठिपके एका वेळी उमटत. घाईच्या सकाळी वेळ वाचवण्याची ही युक्ती छापील छापे बाजारात येण्याच्या कितीतरी आधीची आहे. सणाला रांगोळीखाली गेरूचा चौकोन ओढत. तांबड्यावर पांढरी रेघ उठून दिसते आणि एरवी मातकट दिसणारे अंगण तेवढ्याने बदलून जाते. अंगणाच्या मध्यावर किंवा दारासमोर विटामातीचे तुळशीवृंदावन असे, त्यालाही चुना आणि गेरूचा पट्टा.

दिवाळीत मराठवाड्यात शेणाच्या गवळणी मांडण्याची रीत आहे. वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत अंगणात शेणाच्या लहान बाहुल्या करून बसवतात, त्यांच्या डोक्यावर शेणाचीच घागर, अंगावर हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या. पाडव्याला पाच पांडव येतात. या मांडणीला सारवलेली जमीनच लागते, कारण बाहुली तिला चिकटून उभी राहते. पुढे अंगणात काँक्रीट आले तेव्हा गवळणी पाटावर किंवा पत्र्याच्या तुकड्यावर सरकल्या.

सगळीच अंगणे मातीची नव्हती. देशमुख, देशपांडे, सावकार यांच्या वाड्यांत आणि गढ्यांत ढाळजेतून आत गेल्यावर दगडी चौक लागे. तिथे घडीव काळा पाषाण बसवलेला असे, किंवा चुन्याचा कोबा असे. दगड दख्खनच्या पठारात सगळीकडे मिळतो. चुनाही दूरहून आणावा लागत नसे, कारण काळ्या जमिनीतच चुनखडीचे खडे सापडतात. ते भट्टीत भाजून, पाण्यात विझवून, चुन्याच्या घाणीत मळत. गोल दगडी चरातून बैल मोठे चाक फिरवत राहत आणि चुना वाळूसह लोण्यासारखा मऊ होई. त्यात विटांची पूड म्हणजे सुरखी, गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी असे काही ना काही मिसळत. हा कोबा ओतायचा नसतो, तो ठोकायचा असतो. बायका ओळीने बसून लाकडी थाप्यांनी कित्येक दिवस तो ठोकत, तेव्हा कुठे त्यावर चकाकी येई. गोदावरीकाठची पुरुषोत्तमपुरी आणि सिंदफणा-गोदावरीच्या संगमावरचे मंजरथ ही तालुक्यातली तीर्थक्षेत्रे दगड, वीट आणि चुन्याच्या या कारागिरीच्या जुन्या वाटेवरची गावे. पुरुषोत्तमपुरीला यादव राजा रामचंद्र याचा शके १२३२ म्हणजे इ. स. १३१० चा ताम्रपट मिळाला आहे, त्यावरून इथल्या वस्तीचे वय कळते.

दगडी चौक आणि सारवलेले अंगण यांच्यामधली जागा शहाबादी फरशीने घेतली. शहाबाद हे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी म्हणजे पूर्वीच्या गुलबर्गा जिल्ह्यातले गाव. तिथला चुनखडक थराथरांनी सुटतो, त्यामुळे इंच-दीड इंच जाडीच्या सपाट लाद्या फारसे घडवकाम न करता मिळतात. १८७१ मध्ये सोलापूर-रायचूर रेल्वेमार्ग झाला आणि ही फरशी वाघिणींत भरून दूरवर जाऊ लागली. बीड आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात, तर गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेला. फरशीचा व्यापार मात्र राज्याची सीमा ओलांडून चालूच राहिला. माजलगावला रेल्वे नाही, म्हणून इथे फरशी येई ती बैलगाडीने आणि नंतर ट्रकने. ऐपत असेल त्याने ओसरीवर ती बसवली. अंगणात मात्र बहुधा दारापासून फाटकापर्यंतची एक वाट आणि न्हाणीपुढचा तुकडा एवढीच फरशी येई आणि बाकीचे अंगण शेणाचेच राही. करड्या-निळसर फरशीच्या कडेने शेणाचा हिरवट थर आणि मधे पांढरी रांगोळी, ही रंगसंगती त्या काळच्या अंगणांत सगळ्यांत देखणी म्हणावी अशी होती.

ज्या खडकाची फरशी निघते त्याच प्रकारच्या चुनखडकापासून सिमेंट होते. हिंदुस्थानात सिमेंटचे यशस्वी उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झाले. पुढच्या दशकात शहाबादलाही कारखाना उभा राहिला आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्यांच्या विलीनीकरणातून झालेल्या ‘असोसिएटेड सिमेंट कंपनीज’ मध्ये तो सामील झाला. तरीही खेड्यातल्या अंगणापर्यंत सिमेंट पोचायला आणखी अर्धे शतक जावे लागले. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे सिमेंटच्या किमतीवर आणि वाटपावर सरकारी नियंत्रण होते. परमिट काढावे लागे, कशासाठी हवे ते सांगावे लागे, आणि मिळालेल्या गोण्या आधी विहिरीच्या बांधकामाला, मग घराच्या पायाला आणि उरल्या तर आतल्या जमिनीला जात. अंगणाचा नंबर शेवटचा. महाराष्ट्रात सिमेंटच्या वाटपावरून झालेल्या आरोपांमुळे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये पद सोडावे लागले, यावरून त्या काळी एका गोणीला काय मोल होते याची कल्पना येते. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर केंद्र सरकारने नियंत्रण अंशतः उठवले आणि १९८९ मध्ये पूर्ण उठवले. गावातल्या दुकानात परमिटाविना सिमेंट मिळू लागले ते या सात वर्षांत.

माजलगावात हीच वर्षे धरणाचीही होती. पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. या प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगावजवळ मातीचे लांबलचक धरण बांधले गेले. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणीही त्यात येते. बुडीत क्षेत्रातल्या गावांना नवी गावठाणे मिळाली. नव्या गावठाणात जुन्या वस्तीची पांढर नसते, कारण तिथे कालपर्यंत शेतच असते. माजलगाव शहर वाढले तेही शेतांचे प्लॉट पडून. अशा रीतीने शेकडो अंगणे पहिल्यांदाच काळीवर आली. काळीवर सारवण टिकत नाही, पावसाळ्यात पायाला गाळाचे जोडे बसतात आणि उन्हाळ्यात थराला तडे जातात. पक्क्या अंगणाची निकड इथून वाढली.

आणखी दोन गोष्टींनी तिला जोर दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंतींची आणि मातीच्या जड सपाट छपरांची म्हणजे माळवदांची घरे कोसळून हजारो माणसे मेली. त्यानंतर मराठवाडाभर माळवदाची धास्ती बसली आणि नवे घर म्हणजे पत्रा किंवा स्लॅब, विटा आणि सिमेंट असे ठरून गेले. माळवदे गेली तशी त्यांच्यासाठी लागणारी पांढरी माती आणणारे, चोपणारे हातही गेले. दुसरी गोष्ट ऊसतोडीची. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि चार-सहा महिन्यांनी परततात. एवढ्या काळात न सारवलेले अंगण उखडते, घुशी पोखरतात, गवत माजते. परतल्यावर उन्हाळ्यात ते पुन्हा घडवायला न बळ असते न पाणी. अशा घरासाठी सिमेंटचे अंगण ही हौस नव्हती, ती गरज होती. मातीचे अंगण जितके स्वस्त तितकेच ते रोजच्या बिनमोल श्रमावर उभे होते, आणि हे श्रम बाईचे होते. ज्या घरात ती दिवसभर रानात किंवा फडात असे, तिथे काँक्रीटने तिच्या कमरेचा भार खरोखर हलका केला. शेणमातीच्या आठवणीने हळहळताना ही बाजू विसरून चालणार नाही.

काँक्रीट आले आणि अंगणाची सजावट घरच्या बाईकडून गवंड्याकडे गेली. मातीच्या अंगणाला रोज नवे रूप देता येत होते. सिमेंटचा कोबा ओला असतो तेवढ्या काही तासांतच त्याला रूप द्यावे लागते. त्यासाठी गवंड्यांनी काही सोप्या रीती बसवल्या. सगळ्यांत सोपी दोरीची. खडी-सिमेंटचा थर लाकडी रंध्याने सपाट केला, वर सिमेंटची कोरडी पूड भुरभुरवून थापीने घोटली, की बोट टेकवल्यावर ठसा उमटेल पण पाणी सुटणार नाही अशा वेळेची वाट पाहायची. मग दोघांनी दोन टोकांना काथ्याची दोरी ताणून धरायची, तिसऱ्याने थापीच्या पाठीने ती हलकेच दाबत जायचे आणि दोरी सरळ वर उचलायची. खाली दोरीच्या पिळासकट रेघ उरते. दोन्ही दिशांनी दोन-दोन फुटांवर अशा रेघा मारल्या की एकसंध कोबा फरशी बसवल्यासारखा दिसतो. खर्च फक्त दोरीचा. कडेने थापीच्या टोकाने वेल, दारापुढे स्वस्तिक, एका कोपऱ्यात काम पुरे झाल्याची तारीख किंवा घरमालकाचे नाव हेही याच ओल्या वेळेत होई. मराठवाड्यातल्या अंगणांतून असे कोरलेले सन वाचत गेले तर पक्क्या अंगणाचा प्रसार कळेल.

दुसरी रीत लाल कोब्याची. सिमेंटात लाल ऑक्साइडची पूड कोरडीच चाळून एकजीव करायची आणि तो पातळ थर वर घोटायचा. ओसरीवर हा कोबा वर्षानुवर्षे पायांनी आणि ओल्या फडक्याने चमकत गेला. उघड्या अंगणात मात्र तो फसला, कारण तुळतुळीत कोबा पावसात निसरडा होतो. म्हणून अंगणात लाल पट्टा फक्त कडेने किंवा वृंदावनाभोवती ठेवायचा आणि मधला भाग झाडूच्या रेघांनी खरबरीत करायचा ही पद्धत रुळली. दिसायलाही तीच बरी. तिसरी रीत तुकड्यांची. घरात लाद्या बसवताना फुटलेले तुकडे, शहाबादीच्या कपच्या आणि चिनी मातीच्या फुटक्या टाइल्स सिमेंटात जवळजवळ बसवून फटी पांढऱ्या सिमेंटने भरायच्या. नक्षीदार सिमेंट टाइल्स मुंबईजवळ उरणला ‘भारत फ्लोअरिंग टाइल्स’ या १९२२ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने स्वदेशीच्या जिद्दीने लोकप्रिय केल्या होत्या. बीडसारख्या जिल्ह्यात त्या मोजक्या वाड्यांपलीकडे गेल्या नाहीत, पण रंगीत तुकड्यांची हौस मात्र सगळीकडे पोचली. याच काळात रस्त्याकडेला सिमेंटच्या ओतीव वस्तूंचे धंदे उभे राहिले. जाळ्या, कठड्याच्या खांब्या, कुंड्या आणि मोझॅकची तयार तुळशीवृंदावने तिथे मिळू लागली. वृंदावन विकत आणून बसवले की नुसत्या काँक्रीटच्या चौकोनाला दिवसभरात अंगणपण येते, म्हणून या सगळ्यांत त्याचा खप मोठा.

काळी माती मात्र खालून आपले काम करत राहते. दोरीने मारलेल्या रेघा केवळ वरच्या त्वचेवरच्या. तडा जायचा तेव्हा तो रेघ सोडून तिरपाच जातो. तडा ठरावीक जागी जावा असे वाटत असेल तर चार इंची थरात दर दहा-बारा फुटांवर निदान इंचभर खोल सांधा ठेवावा लागतो, आणि त्याआधी काळी खणून काढून मुरूम भरावा, दगडांचे सोलिंग करावे लागते. जिथे हे केले गेले तिथली अंगणे टिकली. सिमेंटला किमान सात दिवस ओले ठेवावे लागते, आणि इथेच दुष्काळ आडवा येतो. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले त्या २०१६ सारख्या उन्हाळ्यात टँकरचे पाणी कोब्यावर ओतायला मन होत नाही. कडेने मातीची आळी करून थोडे पाणी साठवणे, ओली पोती अंथरणे हे उपाय त्यातून आले. पाण्यावाचून राहिलेला कोबा वर्षभरात वरून पूड सोडू लागतो आणि त्यावर कोणतीच सजावट धरत नाही.

रंगाचेही तसेच. जुने, करडे पडलेले काँक्रीट चटकन उजळवायचे तर रंग मारणे हा पहिला विचार सुचतो. पण काँक्रीट जमिनीतली ओल वर ओढते, क्षार बाहेर येऊन लोणा धरतो आणि रंगाच्या पापड्या निघतात. जमिनीसाठीचा रंगच वापरला, नवा कोबा महिनाभर पुरता वाळू दिला आणि रंगाआधी शेवाळ, तेलकट डाग घासून काढले तर तो काही वर्षे राहतो. गरीब घरांत त्याऐवजी सणापुरता गेरू मारतात. पाण्यात कालवलेला गेरू पावसाने धुऊन जातो, म्हणून पापडीची भीती नाही, आणि पुढच्या सणाला हवा तर दुसऱ्या जागी मारता येतो. काँक्रीटवरच्या सगळ्या झटपट उपायांत हा सगळ्यांत जुना आणि अजूनही सगळ्यांत भरवशाचा.

रांगोळी काँक्रीटवर टिकली, पण बदलली. सुक्या गुळगुळीत पृष्ठावर पूड वाऱ्याने उडते, चपलेने पसरते. त्यामुळे आधी पाणी शिंपडून कोबा ओलसर करणे ही सड्याची सवय राहिली, फक्त त्यात शेण राहिले नाही. नळी, चाळणी आणि प्लास्टिकचे छापे आठवडी बाजारात आले. पावले, शंख, कमळ आता एका थापेत उमटतात. पुढे दारात चिकटवायचे स्टिकरही आले. काहींनी ऑइलपेंटने कायमची रांगोळी रंगवून घेतली. तिच्यावर पुन्हा पांढरी रांगोळी घालणाऱ्याही पुष्कळ आहेत, कारण रंगवलेली रांगोळी म्हणजे आजची रांगोळी नव्हे, असे त्या मानतात.

पेव्हर ब्लॉक हा या क्रमातला सर्वांत अलीकडचा टप्पा. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये विटांचा तुटवडा पडला तेव्हा रस्त्यांसाठी काँक्रीटचे ठोकळे वापरात आले आणि तिथून ते जगभर गेले. भारतात त्यांच्यासाठी आयएस १५६५८ हे मानक २००६ मध्ये आले. खेड्यांत ते आधी दिसले ते ग्रामपंचायतीपुढे, शाळेत आणि मंदिराच्या आवारात. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने २००० पासून गावांत स्वच्छ, पक्क्या आवाराची चुरस लावली होतीच. जवळच्या परळी वैजनाथला १९७१ पासून औष्णिक वीज केंद्र आहे. त्याच्या राखेचे डोंगर साचत गेले, आणि केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांच्या परिसरातील बांधकामात राखेचा वापर बंधनकारक केल्यावर राखेच्या विटांना आणि ठोकळ्यांना बाजार मिळाला. लाल आणि करड्या ठोकळ्यांची झिगझॅग मांडणी आज माजलगावच्या नव्या बंगल्यांपुढे दिसते. काळ्या मातीवर ती कोब्यापेक्षा शहाणी ठरते, कारण जमीन फुगली-बसली तर ठोकळे थोडे वरखाली होतात, फुटत नाहीत. सांध्यांतून पाणी खाली मुरते आणि वाळूवर बसवलेली ओळ उचलून पुन्हा बसवता येते. ठोकळ्यांच्या सांध्यांवर रांगोळीची रेघ मात्र तुटते. म्हणून दारापुढे तीन-चार फुटांचा चौकोन कोब्याचा किंवा कडप्प्याचा सोडून मग भोवती ठोकळे बसवण्याची पद्धत काही घरांतून दिसते.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनच्या नळजोडण्यांनी गावोगावची अंगणे पुन्हा खणली गेली. ठोकळ्यांचे अंगण दोन तासांत पूर्ववत झाले. कोबा फोडून टाकलेल्या नळावर नव्या सिमेंटचा गडद पट्टा उरला, आणि जुन्या कोब्याशी नव्याचा रंग कधीच जुळत नसल्याने तो लपवणेही शक्य नाही. अशा पट्ट्यावर फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवून त्याची मुद्दाम केल्यासारखी रंगीत वाट करणे, किंवा त्याच्या कडेने कुंड्यांची ओळ मांडणे, हे दोन उपाय सध्या सर्रास केले जातात. पहिल्याला गवंड्याचा अर्धा दिवस लागतो, दुसऱ्याला तोही लागत नाही.